थाई करी घरी करायची तर पेस्ट डब्यातलीच, कुटत कोण बसणार? (माझं स्पष्ट मत, वाद घाला)

भातुकली
परवा मैत्रिणींच्या ग्रुपवर ग्रीन करीचा फोटो टाकला, खाली लिहिलं अर्ध्या तासात झाली, तर एकीने लगेच विचारलं पेस्ट घरची का? नाही म्हटलं तर "हां, म्हणजे डबा फोडलास" आणि वर तो डोळा मारणारा इमोजी. डोकंच फिरलं, म्हणून हा धागा.

माझं म्हणणं एवढंच की साडेसातला ऑफिसातून घरी येणाऱ्या बाईने खल-बत्ता घेऊन बसायचं नाही. नारळाच्या दुधाचा घट्ट भाग कढईत आटवायचा, त्यात २ चमचे पेस्ट परतायची, उरलेलं दूध, वांगी नाहीतर चिकन, फिश सॉस, गुळाचा खडा, शेवटी बेसिलची पानं. झालं. आपण काय रोज गोडा मसाला भाजतो का, वर्षाचा करून ठेवतो किंवा सरळ विकत आणतो, मग थाई जेवणालाच एवढं सोवळं का? बँकॉकला ख्लोंग तोईच्या बाजारात मी स्वतः बघितलंय, पेस्टचे लाल-हिरवे-पिवळे डोंगर रचलेले असतात आणि तिथल्याच बायका वजनावर घेऊन जातात.

वरवंटा
अजिबात पटलं नाही. बाजारातली ती पेस्ट ताजी असते, दोन दिवसांत संपवायची. तुमची डब्यातली महिनोन्महिने टिकावी म्हणून मिठात बुडवलेली. म्हणून तुमची करी खारट होते, मग तुम्ही गूळ वाढवता, मग ती गोडमिट्ट होते आणि मग लोक म्हणतात थाई जेवण गोड असतं. ग्रीन करीचं थाई नाव केंग खियाव वान, त्यातल्या 'वान'चा अर्थ गोड हे खरं, पण तो हिरव्या रंगाचा कोवळेपणा सांगायला आहे, साखर ओता असं नाव सांगत नाही.

कुटणं एवढं अवघडही नाहीये. धणे, जरा जिरे, पांढरी मिरी भाजून आधी पूड करून बाजूला. मग जाड मीठ आणि हिरव्या मिरच्या, मीठ वाळूसारखं काम करतं. मग गवती चहा, पात नाही हं, पात आपण चहात घालतो, इथे बुडाचा पांढरा देठ पाहिजे आणि तो अगदी पातळ चकत्या करून, नाहीतर दातात दोरे येतात. मग गलांगल (आल्यासारखा थाई कंद), कोथिंबिरीची मुळं, लसूण, आणि छोटे कांदे सगळ्यात शेवटी कारण ते पाणी सोडतात आणि मग बत्ता मारला की सगळं डोळ्यात. कोथिंबिरीची मुळं तर फुकट आहेत हो, जुडीला चिकटून येतात आणि आपण ती केरात टाकतो.

मिक्सरला लावलं की फिरायला पाणी घालावं लागतं, त्या पाण्याने पेस्ट परतली न जाता शिजते. ४० मिनिटं जातात, पण वास वेगळा येतो.

भातुकली
४० मिनिटं!! दादा धाग्याचं नाव वाचलंत का?

नेमस्त
हे 'अस्सल' प्रकरण मला मुळात कळत नाही. मिरची थाईंची आहे का? ती अमेरिकेतली, पोर्तुगीजांबरोबर आशियात आली, त्याआधी तिखटाला मिरीच होती. आणि ज्या पाद थाईसाठी लोक जीव टाकतात ती तर तिथले पंतप्रधान फिबुन सोंगख्राम यांच्या सरकारने १९४० च्या आसपास राष्ट्रीय पदार्थ म्हणून पुढे आणलेली, आणि नूडल्स परतायची पद्धत चिनी. तेव्हा भातुकलीताई, खुशाल डबा फोडा.

वरवंटा
मिरची आपल्याकडेही बाहेरूनच आली. म्हणून कोल्हापुरी रश्श्यात पाकीट फोडलेलं चालेल का तुम्हाला? पदार्थ कुठून आला हा वेगळा मुद्दा आणि तो नीट केला का हा वेगळा.

दर्यावर्दी
बँकॉकला ६ वर्षं काढली आहेत नोकरीनिमित्त, म्हणून मध्ये पडतो. दोघंही चुकताय. घरी झटपट थाई करायचं तर करीच्या वाटेला जाताच कशाला? करी तिथेही लोक बरेचदा कोपऱ्यावरून पिशवीत बांधून आणतात, रबर बँड लावलेली. आपल्याकडे काही सुचलं नाही की पिठलं-भात, तसं तिथे पाद काप्राव. लसूण आणि मिरच्या ठेचायच्या (हे मात्र खलातच, २ मिनिटांचं काम), कढई चांगली तापवून तेलात टाकायच्या, ठसका लागला म्हणजे बरोबर चाललंय, मग चिकनचा खिमा, फिश सॉस, थोडा ऑयस्टर सॉस, चिमूटभर साखर, पाण्याचा एक हबका, गॅस बंद आणि मूठभर काप्रावची पानं. भातावर घालून वर भरपूर तेलात कडा कुरकुरीत होईस्तोवर तळलेलं अंडं. १० मिनिटं, ना पेस्ट ना नारळ.

आणि भात बासमतीचा नको प्लीज. त्यांचा होम माली मऊ, जरासा चिकट, वासाचा असतो. आपला आंबेमोहोर त्याच्या खूप जवळ जातो.

अंगणातली
काप्राव म्हणजे नक्की काय?

दर्यावर्दी
तुळस. आपलीच, जात तीच, फक्त तिथल्या पानांना मिरी-लवंगेसारखा झटका जास्त.

अंगणातली
अहो काय सांगताय, खिम्यात तुळस? आमच्याकडे तुळशीचं पान द्वादशीला तोडत नाहीत, सासूबाईंना कळलं तर मला वृंदावनाशेजारी उभं करतील!

वरवंटा
पूजेची सोडून बाल्कनीत दुसरी कुंडी लावा. आणि भातुकलीताई, तुम्ही करीत जे बेसिल घातलं ते पिझ्झावालं होतं ना? ग्रीन करीला होरापा लागते, बडीशेपेसारखा वास असलेली. सब्ज्याचं बी ज्या झाडाचं, त्याचीच ती एक जात. ते सोडा, तुमच्या कढईत तेल सुटतं का?

भातुकली
पिझ्झावालंच होतं, जाऊदे. तेल नाही सुटत, खरं सांगते. टेट्रा पॅकचं दूध १५ मिनिटं आटवलं तरी नुसतं पांढरं खदखदतं.

दर्यावर्दी
सुटणारच नाही. बऱ्याच पाकिटांत दूध फुटू नये म्हणून इमल्सिफायर घातलेला असतो आणि थाई करीला ते फुटलेलंच पाहिजे, तेलाचे डोळे दिसले की मग पेस्ट. मागची घटकांची यादी वाचा, नारळ आणि पाणी एवढंच लिहिलेलं घ्या. नाहीच मिळालं तर सरळ चमचाभर तेल घालून पेस्ट आधी त्यात परता.

वरवंटा
किंवा ओला नारळ खवा! कोकण-गोव्यात घट्ट दूध पातळ दूध वेगळं काढायचं लहान मुलांनाही माहीत असतं. त्याला काय कोणी 'अस्सलपणाचा हट्ट' म्हणत नाही.

शाकाहारी_चटोर
माझा छोटा प्रश्न. आम्ही मासे खात नाही, डबा चालेल का?

दर्यावर्दी
लेबल बघूनच. मे प्लॉय ब्रँडच्या हिरव्या पेस्टमध्ये कोळंबीची पेस्ट असते, व्हेज करी म्हणून भाज्या घालून खाणारे अनेक जण बघितलेत मी. थायलंडला गेलात तर 'जे' शब्द लक्षात ठेवा, पिवळ्या पाटीवर लाल अक्षर. त्यात मांस-मासे नाहीत आणि कांदा-लसूणही नाही, म्हणजे तुमच्या आजीलाही चालेल. फुकेतला त्याचा ९ दिवसांचा उत्सव असतो दरवर्षी. घरी फिश सॉसऐवजी लाइट सोया सॉस.

माडाखालचा
ज्यांना चालतं त्यांनी घरच्या पेस्टमध्ये जवळा भाजून कुटून घाला, मस्त लागतो. त्यांची कापी, म्हणजे तीच कोळंबीची पेस्ट, जवळाच की.

दर्यावर्दी
जवळाच, पण मीठ लावून आंबवलेला. नुसत्या भाजलेल्या जवळ्याला तो कुबट-खमंग वास येत नाही. चव चांगलीच लागेल, पण कापीची नाही.

माडाखालचा
आमच्या घरात जवळा नाही असा दिवस नाही, कापी आणायला कोण जातंय बँकॉकला. जवळाच घालणार.

नेमस्त
+१. हेच मी वर सांगत होतो.

वरवंटा
नेमस्त, तुम्ही स्वतः कधी केलंय का काही? कृपया हलके घ्या.

नेमस्त
मी खातो.

भातुकली
रविवारी केली शेवटी घरची पेस्ट, वरवंटाभाऊंच्या नाकावर टिच्चून डबाच बरा असं लिहायचं म्हणून. ४० मिनिटं कसली, ५५ लागली, आणि कांद्याचं ते डोळ्यातलं अगदी तस्सं झालं. गलांगल क्रॉफर्ड मार्केटातून आणलं, आपल्या आल्याचा भाऊ दिसतो पण वास पाइनच्या लाकडासारखा, आणि कापताना सुरी घसरते इतकं टणक. गवती चहाचे देठ आईच्या कुंडीतले, पेन्सिलीइतके बारीक, दहाएक लागले. नारळ खवून दूध काढलं आणि १० मिनिटांत तेल सुटलं, मी नवऱ्याला हाक मारून दाखवलं. रंग डब्यातल्यासारखा गडद नाही आला, फिकट पोपटी आला, पण पेस्ट परतताना समोरच्या काकूंनी दार वाजवून विचारलं काय करतेयस. डब्यातल्या पेस्टने असं कधी झालं नव्हतं, हे कबूल.

तरी मंगळवारी डबाच निघणार. फक्त गूळ बंद, मीठ आधी चाखून, आणि एक चमचा कुटलेली कोथिंबिरीची मुळं वरून. उरलेली घरची पेस्ट बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवली आहे.

वरवंटा
फ्रीझर??? अरे देवा.

अंगणातली
ग्रुपवर फोटो टाकलास की नाही मग?

भातुकली
टाकला ना. तिने विचारलं, भात बासमतीचा आहे का गं?