‘कॉन्सर्ट फिल्म’ला मैफलपट म्हणावं का?

टाकबोरू:
दादरला एका वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर आमचं लहानसं फिल्म मंडळ महिन्यातून एकदा सिनेमा दाखवतं. खुर्च्या साठ, माणसं तीस, पंखे चार, त्यातला एक कुरकुरणारा. तरुण मंडळींच्या हट्टामुळे या खेपेला विषय ठरलाय इलेक्ट्रॉनिक पॉप संगीत. मराठी टिपण लिहायचं काम नेहमीप्रमाणे माझ्या गळ्यात.

दाखवायचे सिनेमे दोन जातींचे आहेत. काही कलाकाराविषयीचे आहेत: त्याचं घर, त्याची यंत्रं, त्याचे दौरे. त्यांना ‘माहितीपट’ लिहून मोकळी झाले. बाकीच्यांत मंचावरचा कार्यक्रमच चित्रित केलेला आहे. तिथे ‘मैफलपट’ लिहिलं आणि कच्चा कागद आईला वाचून दाखवला. आई म्हणाली, “मैफल कुणाची? किशोरीताईंची का?”

तेव्हापासून शब्द डाचतोय. टिपणात झाँ-मिशेल जार या फ्रेंच कलाकाराबद्दल परिच्छेद आहे. १४ जुलै १९७९ ला पॅरिसच्या प्लास द ला काँकोर्दमध्ये त्याने सिंथेसायझर, म्हणजे विजेवर सूर घडवणारी यंत्रं, लावले आणि दहा लाखांच्या आसपास लोक जमले. १९८६ मध्ये ह्यूस्टनला तर गगनचुंबी इमारतींचेच पडदे केले. याला मैफल म्हणायचं? मैफलीला सतरंजी लागते हो!

दुसरी गंमत. सभागृह सांभाळणाऱ्या गृहस्थांना फोनवर विषय सांगितला, तर त्यांचा पहिला प्रश्न : “म्हणजे डीजे लावणार?” मी म्हटलं, डीजेवर सिनेमा आहे. “तेच ते, स्पीकर किती?”

तर जाणकारांनी सांगा : कॉन्सर्ट फिल्मला काय म्हणावं? आणि इलेक्ट्रॉनिकला काही म्हणावं की तसंच सोडावं?

पेटीमास्तर:
ताई, आईंचा कान तयार आहे. मूळ अरबी ‘महफिल’चा अर्थ नुसता जमाव, मेळावा. मराठीत येता येता शब्द आक्रसला. आपल्याकडे मैफल म्हणजे बसून ऐकणं, माणसं मोजकी, आणि गाणाऱ्याला तुमचा चेहरा दिसला पाहिजे. दाद तोंडाने द्यायची आणि ती गाणाऱ्याच्या कानावर पडायची. दहा लाखांत कुणी “वा!” म्हटलं तर ते शेजारच्यालाही ऐकू जाणार नाही.

‘जलसा’ सुचवणार असाल तर जपून. गाण्याचा जलसा हा जुना वापर खराच, पण पुढे सत्यशोधकी जलसे झाले, आंबेडकरी जलसे झाले. तिथे गाणं हे लोकांना जागं करायचं साधन होतं. ‘जलसापट’ वाचून माणूस त्या वाटेने जाईल, आणि जावंच. तो शब्द त्यांचा आहे, सिंथेसायझरवाल्यांसाठी उसना घेऊ नका.

शंकेखोर:
मग आधी ‘संगीत’ जोडा आणि मोकळ्या व्हा. ‘संगीत सौभद्र’, ‘संगीत शारदा’, तसं ‘संगीत ह्यूस्टन’.

रीळ नंबर सात:
विनोद बाजूला ठेवू. मी चाळीस वर्षं संकलनाच्या टेबलावर काढली, त्यामुळे ‘पट’ या शब्दाबद्दल थोडं बोलायचा हक्क सांगतो.

पट म्हणजे कापड. पिंगुळीचे चित्रकथी चित्रं दाखवत कथा सांगतात, ती चित्रं कागदावरची, तरी दाखवून सांगण्याची रीत तीच. चित्रपट या शब्दाच्या मागे कापडही आहे आणि ती रीतही. मग मूकपट आला, बोलपट आला. सावरकरांच्या भाषाशुद्धीच्या काळात असे शब्द रुजले. तेव्हापासून आपण ‘पट’ कशालाही चिकटवतो : युद्धपट, भयपट, चरित्रपट. ॲनिमेशनपटसुद्धा छापून येतो आणि कुणाचं काही बिघडत नाही.

पण ताई, एक बारकावा आहे. ‘तमाशापट’ म्हणजे काय? पन्नास-साठच्या दशकांत मराठीत त्यांची रांग लागली होती. कुणी कधी फडावर कॅमेरा नेऊन अख्खा तमाशा चित्रित केला आणि त्याला तमाशापट म्हटलं का? नाही. तमाशापट म्हणजे तमाशातल्या माणसांची रचलेली गोष्ट : फड, पाटील, नाचणारी, शाहीर, शेवटी आसवं. युद्धपट म्हणजे युद्धाचं चित्रण नव्हे, युद्धाची गोष्ट. म्हणजे मागे नाम लावलं की ‘पट’ गोष्ट मागतो. ‘मैफलपट’ लिहाल तर वाचक समजेल की एका गवयाची शोकांतिका आहे, दुसऱ्या अंकात दारू आहे.

‘माहितीपट’ याला अपवाद आहे, कारण त्यात विषय नाही, काम सांगितलंय : माहिती देतो तो. आमच्या वेळी ‘अनुबोधपट’ म्हणत. पेडर रोडच्या फिल्म्स डिव्हिजनच्या फिती सिनेमाच्या आधी सक्तीने लागायच्या, धरणं, लसीकरण, हातमाग. लोक त्या वेळात बाहेर वडा खायचे आणि मुख्य सिनेमाच्या पाट्या सुरू झाल्या की आत यायचे. त्यातली बातम्यांची फीत म्हणजे वृत्तपट. हिंदीत मात्र वृत्तचित्र हा शब्द सगळ्या डॉक्युमेंटरींना चालतो, म्हणून तिकडून भाषांतर करणारे हमखास घोटाळा करतात. आणि कृपा करून माहितीपटाला ‘लघुपट’ म्हणू नका. चार तासांचे माहितीपट मी स्वतः कापलेत.

ऑक्टोपॅड:
काका 🙏 तमाशापटाचा मुद्दा भारी.

मी इलेक्ट्रॉनिकवर बोलतो, अंधेरीच्या स्टुडिओत रोज त्यातच असतो. टाकबोरूताई, ‘विजाणू संगीत’ लिहू नका, प्लीज. तंत्रनिकेतनाच्या जुन्या पाट्यांवर ‘अणुविद्युत’ असायचं. ‘अणुविद्युत संगीत’ म्हटलं की मला तर तारापूरच दिसतं. विश्वकोशवाल्यांनी ‘इलेक्ट्रॉनीय’ केलंय, ते निदान वाचता येतं. पण इलेक्ट्रॉनिक हा शब्द आजीच्या तोंडातसुद्धा आहे. शेजारच्या गाण्याच्या बाई इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्यावर रियाज करतात, तालमाला लावतात, त्यांना कुणी ‘पॉप’ म्हणत नाही.

उलट आपले खरे शब्द बघा. कुठल्याही कंपनीचा कीबोर्ड असो, गणपतीच्या मंडपात तो ‘कॅसिओ’च. बेंजो पार्टीत ‘पॅड’ वाजवतो तो पॅडवाला. हिंदी गाण्यांचा स्टेज शो म्हणजे ‘ऑर्केस्ट्रा’, मग त्यात एकही व्हायोलिन नसेना का! आणि डीजे म्हणजे माणूस नाही, टेम्पोवरची स्पीकरची भिंत. तुमच्या सभागृहवाल्या गृहस्थांचं काही चुकलं नाही, ते शुद्ध मराठी बोलत होते.

टिपणात चरणजित सिंग घ्याच. मुंबईच्या हिंदी सिनेमाच्या रेकॉर्डिंगमध्ये वाजवणारा माणूस. १९८२ मध्ये त्यांनी दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बसवून एलपी काढली. रोलंड या जपानी कंपनीची तीन यंत्रं वापरली : ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर, टीबी-३०३ हे खर्जाचं यंत्र आणि टीआर-८०८ हे ठेक्याचं. तेव्हा कुणी फारसं विचारलं नाही. पुढे शिकागोत ३०३ च्याच चिरक्या आवाजावर ॲसिड हाऊस ही नाचाच्या संगीताची शैली उभी राहिली, आणि २०१० मध्ये ती एलपी पुन्हा निघाल्यावर युरोपवाले चक्रावले की हे मुंबईत पाच वर्षं आधीच कसं? मग म्हातारपणी त्यांना तिकडे कार्यक्रमांना बोलावणी आली. २०१५ मध्ये गेले.

पेटीमास्तर:
पॅडवाले, हे ऐकून पाहीन. राग कुठले घेतलेत?

ऑक्टोपॅड:
भैरवी, ललित, भूपाळी, तोडी, मेघमल्हार, आणखी काही. ललित आधी ऐका, काका. आणि शिव्या इथेच द्या, फोनवर नको.

टाकबोरू:
रीळकाका, तुम्ही माझा शब्द मारलात आणि बरं केलंत. पण आता खरी अडचण सांगते, कारण सिनेमे पुन्हा पाहिल्यावर लक्षात आलं की माझी दोन जातींची वाटणीच कच्ची आहे.

डेपेश मोड या इंग्लिश बँडवरचा ‘१०१’ घ्या. १९८९ चा, पेनेबेकर, ख्रिस हेगेडस आणि डेव्हिड डॉकिन्स या दिग्दर्शकांचा. १८ जून १९८८ ला पासाडेनाच्या रोझ बोलमध्ये दौऱ्याचा एकशे एकावा कार्यक्रम झाला, म्हणून हे नाव. पण अर्धा सिनेमा मंचावर नाहीच. न्यूयॉर्कहून बसने निघालेली चाहत्यांची टोळी आहे, त्यांचे केस, त्यांची भांडणं. पडद्यामागे टी-शर्टच्या विक्रीचे पैसे मोजले जातात. आपल्याकडे तंबूबाहेर गल्ला मोजतात ना, थेट तेच दृश्य. हा माहितीपट की कार्यक्रम?

याच्या दुसऱ्या टोकाला ‘स्टॉप मेकिंग सेन्स’, १९८४, जोनाथन डेमीचा. त्यातला अमेरिकी बँड टॉकिंग हेड्स काही निव्वळ इलेक्ट्रॉनिक नाही, तरी मी तो यादीत घुसवला, सुरुवातीसाठी. रिकाम्या रंगमंचावर बँडचा गायक डेव्हिड बर्न गिटार आणि टेपरेकॉर्डर घेऊन एकटा येतो, टेप लावतो म्हणतो, आणि ठेका सुरू होतो. ठेका टेपमधून येत नाही, तो येतो टीआर-८०८ मधून. म्हणजे चरणजित सिंगांचंच यंत्र! मग एकेक वादक येतो, मागून माणसं सामान ढकलत आणतात. प्रेक्षक जवळजवळ शेवटपर्यंत दाखवलेच नाहीत. निवेदन नाही, मुलाखत नाही. यात माहिती शून्य, म्हणून माहितीपट नाही. रचलेली गोष्ट नाही, म्हणून काकांच्या नियमाने ‘पट’ही नाही.

मला यासाठी ‘प्रयोग’ हा शब्द आवडू लागलाय. नाटकाचा प्रयोग म्हणतो तसा. प्रयोगात तेच नाटक असतं, पण त्या रात्रीचं असतं. कॅमेऱ्याने टिपलेली असते ती रात्र. ‘प्रयोगपट’ कसं वाटतं?

रीळ नंबर सात:
वाईट. लोक ‘प्रायोगिक’ समजतील. प्रभात चित्र मंडळ या मुंबईच्या फिल्म सोसायटीच्या काळापासून आमच्या पिढीच्या डोक्यात प्रयोग म्हणजे न कळणारा सिनेमा.

शंकेखोर:
सिंथेसायझरवाल्यांच्या बाबतीत दोन्ही अर्थ लागू पडतात. प्रयोगशाळाही आहेच मागे वायरींची.

पेटीमास्तर:
‘चित्रित प्रयोग’ म्हणा. नाटकवाले म्हणतातच. दोन शब्द झाले तर झाले, कुणी दंड करत नाही. आम्ही लोक एका इंग्रजी शब्दाला एकच मराठी शब्द हवा म्हणून अडून बसतो आणि मग विजाणू जन्माला येतो.

टाकबोरू:
मास्तर, पटलं. ‘चित्रफीत’ शब्दही डोक्यात होता, पण वर्तमानपत्रांनी तो मोबाइलवरच्या वीस सेकंदांच्या क्लिपला देऊन टाकलाय. फीत कुठेच नाही, तरी चित्रफीत व्हायरल होते.

आणखी एक अडलंय. ‘म्युझिशियन’ला काय? ‘संगीतकार’ म्हटलं की मराठी माणूस चाल देणारा समजतो.

ऑक्टोपॅड:
जारला संगीतकार चालेल, चाली त्याच्याच आहेत. बाकीच्यांना कलाकार म्हणा. आमच्याकडे कॉम्प्युटरवर हे सगळं रचणाऱ्याला ‘प्रोग्रॅमर’ म्हणतात. श्रेयनामावलीत तोच ‘संगीत संयोजक’ होतो, पैसे मात्र प्रोग्रॅमरचेच मिळतात.

टाकबोरू:
टिपण छापायला दिलं. शेवटी असं केलंय : ‘स्टॉप मेकिंग सेन्स’ला ‘चित्रित प्रयोग’. ‘१०१’ला ‘माहितीपट’, आणि पुढे एक वाक्य की यातला निम्मा वेळ तुम्ही बसमध्ये असाल. इलेक्ट्रॉनिकला इलेक्ट्रॉनिक, पॉपला पॉप. तरुण मंडळींपैकी एकाने ‘सुगम’ सुचवलं होतं. आईने आकाशवाणीची आठवण काढून तो प्रस्ताव हाणून पाडला.

सभागृहवाल्या गृहस्थांना कळवलं की डीजे नाही, दोन साधे स्पीकर आहेत. ते थोडे हिरमुसले असं वाटलं.

एकच जागा कोरी राहिलीय. जार मंचावर लेझरचे किरण उभे लावतो आणि हाताने किरण अडवला की सूर उमटतो. इंग्रजीत त्याला लेझर हार्प म्हणतात. १९८१ मध्ये चीनमध्ये त्याने कार्यक्रम केले, तेव्हाही ते वाद्य सोबत होतं. छापखाना उद्या दुपारपर्यंत थांबेल.

शंकेखोर:
किरणवीणा.

पेटीमास्तर:
वीणा छेडतात हो. हे तर नुसतं अडवायचं. मुळात तार नाही, म्हणजे तंतुवाद्य नाही. फुंकत नाही, म्हणजे सुषिर नाही. वाद्यांच्या आपल्या चार वर्गांत बसवा आधी, मग बारसं करा.

ऑक्टोपॅड:
मास्तर, तुमच्या हिशेबात कॅसिओ कुठल्या वर्गात बसतो?

पेटीमास्तर:
त्याचा विचार मी १९८५ पासून करतोय. ललित ऐकला. पहिली दोन मिनिटं कान बंद करून घेतले, मग उघडले. मध्यमाचं काम नीट आहे. बाकी उद्या बोलू.

टाकबोरू:
‘लेझर हार्प’च छापते.