आवाजच तर द्यायचाय, त्याचे कसले पैसे?

पॉपफिल्टर
काल एकाने टाकलेलं आवाहन वाचून डोकं फिरलं, म्हणून हा प्रपंच. थोडक्यात असं: दहा भागांचं श्राव्यनाट्य, सहा पात्रं. प्रत्येक पात्रासाठी मूळ संहितेतलाच तीन मिनिटांचा प्रवेश रेकॉर्ड करून पाठवा, 'वापरण्याजोग्या दर्जाचा'. मानधन नाही, श्रेयनामावलीत नाव मिळेल. आणि शेवटी कळस: 'आवाजच तर द्यायचाय, घरबसल्या अर्ध्या तासाचं काम.'

अर्धा तास! तीन मिनिटं म्हणजे साधारण चारशे शब्द. ते आधी वाचायचे. समोर कोण उभं आहे, भांडण आहे की लाडीगोडी, हे आवाहनात नाही म्हणून स्वतःच ठरवायचं. मग टेक. बाहेर कोणाचा हॉर्न वाजला की पुन्हा टेक. मग रेकॉर्डिंगमधून ओठांचे चुटचुट आवाज पुसत बसा. दोन तास कुठे गेले कळत नाही.

ऑडिशनला चार ओळी पुरतात हो. आवाजाची जात दहा सेकंदांत कळते. 'हीच ओळ चिडून नको, थकून म्हणा' असं सांगितल्यावर माणूस बदलतो का, हे मात्र तासाभराची फाइल ऐकूनही कळणार नाही. त्यासाठी पाच मिनिटं फोन करावा लागतो.

आणि 'वापरण्याजोग्या दर्जाचा' नमुना कशाला हवा असतो तेही मला ठाऊक आहे. तीन वर्षांपूर्वी असाच पाठवला होता. उत्तर नाही. चार महिन्यांनी बहीण म्हणाली, अगं, तुझी जाहिरात ऐकली. माझा नमुना, जसाच्या तसा, खाली बासरी लावलेली. विचारलं तर म्हणे, ऑडिशन पाठवलंत म्हणजे संमती आलीच.

एकटा शिलेदार
ते आवाहन माझंच आहे. नाव न घेता झोडपल्याबद्दल आभार.

लिहितो मी, एडिटिंग मी, पदरचे पैसे मी घालतो. एक छदाम मिळत नाही. हौशी नाटकात कोण कोणाला मानधन देतं? तिथे दोन महिने तालमी करतात लोक. इथे नमुना मागितला तर शोषण!

तीन मिनिटं का, तेही सांगतो. मागच्या वेळी एका गृहस्थांचा डेमो ऐकून हरखून गेलो होतो. काय खर्ज, काय ठहराव! प्रत्यक्षात कळलं की तो डेमो कोणीतरी दिवसभर समोर बसून, ओळ-ओळ घोटून करवून घेतला होता. माझ्याकडे बापाच्या मृत्यूची बातमी आणि लग्नाचं आमंत्रण एकाच चालीत आलं. सात टेक झाले, सातही हुबेहूब सारखे. दुधाने तोंड पोळलंय, आता ताकही फुंकून पिणार.

पॉपफिल्टर
म्हणजे डेमोने फसवलं म्हणून त्याहून लांब डेमो मागायचा. वा! सात टेक सारखेच आले हे फोनवर दुसऱ्या टेकला कळलं असतं. मी तेच म्हणतेय.

हेडफोनवाली
मी फक्त एडिटिंग करते, माझं दुःख वेगळं. पंखा बंद करा हो! ऑडिओबुकच्या जगात शांततेची पातळी, म्हणजे कोणी बोलत नसताना खोलीत उरणारा आवाज, उणे ६० डेसिबलच्या खाली मागतात, ती काय हौस म्हणून? एकाने भाग दोन बेडरूममध्ये केला आणि सुटलेल्या अकरा ओळी महिन्याने रिकाम्या हॉलमध्ये. वर त्याला सर्दी. नायक एकाच वाक्यात विहिरीत पडतो आणि बाहेर येतो. निवड करताना आवाज नंतर ऐका, आधी त्याची खोली ऐका.

कानसेन
खोलीचं राहू द्या, भाषेचं काय? हल्ली माईक लाखमोलाचा आणि उच्चार दमडीचा. परवा एका कथेत ओळ होती: 'या जगात जगायचं कसं?' दोन्ही ज एकसारखे म्हटले बाईंनी. 'जगात'चा ज जेवणातला, 'जगायचं'चा ज जवळमधला, हे शेंबड्या पोराला कळतं. 'चार माणसं' आणि 'गुरांना चार' यांतही तेच. लिहिताना एक, बोलताना दोन. निवड करणाऱ्यालाच फरक ऐकू येत नसेल तर पुढचं बोलायलाच नको.

माळावरचा पिंपळ
आले, उच्चारांचे फौजदार आले. तुमच्यासारख्यांमुळेच आमच्याकडची माणसं माईकसमोर जायला घाबरतात. मला एका रेकॉर्डिंगला 'पानी' नव्हे 'पाणी' म्हणा म्हणून चाळीस वेळा थांबवलं. पात्र कोण? गुराखी! शेवटी गुराखी बातम्या देतोय असं ऐकू यायला लागलं, आणि तोच टेक पसंत पडला. त्या दिवसानंतर मी गेलो नाही कुठे.

कानसेन
मी ण-न चा ण सुद्धा काढलेला नाही. वाचता येतं ना?

माळावरचा पिंपळ
वाचता येतं, आणि अशुद्ध बोलताही येतं.

कानसेन
मग नीट वाचा. मी शुद्ध-अशुद्ध म्हणालोच नाही. तुमचा गुराखी 'जगात जगायचं' कधीच चुकणार नाही. चुकतो तो कागदावरचं अक्षर बघून बोलणारा. 'जरा थांब' मधली जरा आणि म्हातारपणाची जरा यांतला फरक कानाने शिकायचा असतो, आणि तो कान तुमच्या गुराख्याला आहे. मी त्याच्याच बाजूने बोलतोय आणि तुम्ही मलाच काठी घेऊन मारताय.

माळावरचा पिंपळ
बरं. गुराख्याच्या वतीने धन्यवाद. पण चाळीस वेळा थांबवणारा माणूसही अगदी असाच गोड बोलत होता.

बटणदाब्या
एवढी डोकेफोड कशाला? यंत्राचा आवाज घ्या. मानधन नाही, पंखा नाही, सर्दी नाही.

कानसेन
घ्या की! 'गुरांना चार' म्हटल्यावर ते मोजायला लागेल. पाच, सहा.

पॉपफिल्टर
आणि यंत्राला आवाज कुठून येतो? अमेरिकन आवाज कलाकार सुझन बेनेट यांनी जुलै २००५ मध्ये महिनाभर रोज चार तास अर्थहीन वाक्यं वाचून दिली. २०११ मध्ये आयफोनवर सिरी ही बोलणारी मदतनीस आली, तेव्हा सोबतच्या एका कलाकाराने विचारलं, ही तूच ना? आपला आवाज तिथे वापरलाय याचा तोवर बाईंना पत्ताच नव्हता. म्हणून कुठे, किती काळ, कशासाठी वापरणार हे आधी लिहून द्या म्हणते मी. मानधन शून्य असलं तरी!

एकटा शिलेदार
नाव तर देतोच आहे ना? ते काहीच नाही का?

हेडफोनवाली
नावाला किंमत आहे, खोटं नाही. डिस्नेच्या १९३७ च्या 'स्नो व्हाइट' या कार्टूनपटात नायिकेचा आवाज एड्रियाना कॅसेलोटी यांचा. ९७० डॉलर मिळाले, पडद्यावर नावही नाही. तुम्ही त्यांच्या उलट करताय, नाव आहे आणि डॉलर नाहीत. अर्धं पुण्य तुमचं.

एकटा शिलेदार
टोमणा पोचला. पण निवड करायची कशी मग? चार ओळींवर सहा पात्रं वाटू?

पॉपफिल्टर
चार ओळी, पण कोणत्या ते नीट निवडा. एक शांत, एक तुटलेली, एक जिथे पात्र खोटं बोलतंय. आणि सगळ्यांना सगळ्या पात्रांच्या ओळी द्या. १९८७ मध्ये नॅन्सी कार्टराइट 'द सिम्पसन्स' या अमेरिकन कार्टूनमधल्या लिसाच्या ऑडिशनला गेल्या, शेजारी तिच्या भावाचं, बार्टचं वर्णन दिसलं, म्हणाल्या मी हा वाचते. तिथल्या तिथे काम मिळालं. तुमच्या पद्धतीत त्या लिसाचीच तीन मिनिटं घोकत बसल्या असत्या.

आणि आरडाओरडा सर्वांत शेवटी रेकॉर्ड करा. मला एकदा पहिल्याच तासाला 'थांब!' असं पंचवीस वेळा किंचाळायला लावलं, मग म्हणे आता अंगाई. घशातून नुसता वारा. अमेरिकेत २०१६-१७ मध्ये व्हिडिओ गेमच्या आवाज कलाकारांचा संप झाला, त्यात हाही मुद्दा होता.

एकटा शिलेदार
सातव्या भागात किंचाळ्या आहेत. घेतो शेवटी.

फोनवर दिग्दर्शन करायला वेळ कुठून आणू ते मात्र कोणी सांगत नाही. चाळीस जणांचे नमुने आलेत आधीच.

हेडफोनवाली
चाळीस गुणिले तीन, दोन तास झाले. तेवढ्यात चोवीस जणांशी पाच-पाच मिनिटं बोलून झालं असतं.

एकटा शिलेदार
हिशेब कळतो मला.

ठीक आहे, आवाहन बदलतोय. चार ओळी, त्याही संहितेबाहेरच्या. निवडीनंतर फोन. नमुने महिन्याभरात पुसणार. फक्त या दहा भागांसाठी, जाहिरातीत नाही, यंत्राला शिकवायला नाही. सुटलेल्या ओळी नंतर पुन्हा रेकॉर्ड करायला लागल्या तर एकदा फुकट, पुढे काहीतरी देईन, खिसा बघून. झालं समाधान? मालिका निघाली तर ऐका निदान, का त्याचंही मानधन लागेल?

पॉपफिल्टर
'काहीतरी' म्हणजे आकडा लिहा. बाकी ठीक.

कानसेन
चार ओळींत 'जगात जगायचं' टाका.

माळावरचा पिंपळ
गुराखी आहे का हो तुमच्या सहा पात्रांत?

एकटा शिलेदार
नाही. पोस्टमन आहे. तिसऱ्या भागात पाणी मागतो.

माळावरचा पिंपळ
कसं मागतो, ते तुम्ही सांगणार का मी?