जत्रेसारखी जिलेबी घरी: चपटी होऊन राहिली, मदत हवी आहे

महालची_सून: रामटेकच्या जत्रेत मिळते तशी जाड नळीची, चावली की आतून पाक येणारी जिलेबी हवी. प्रमाण असं: मैदा 250 ग्रॅम, बेसन 2 चमचे, आंबट दही पाव वाटी, पाणी 350 मिली. रात्री भिजवून सकाळी कढईत तळते. पीठ पसरते, जिलेबी चपटी होते आणि दहा मिनिटांत मऊ पडते. पाक एकतारी आहे. गडबड पिठात की तेलात?

झारा_कढई: ताई, दोन्हीकडे. आधी पाणी कमी करा. एवढ्या मैद्याला 225 मिलीपासून सुरुवात करा, कारण आंबल्यावर पीठ आपोआप सैल पडते. सकाळी घट्ट वाटलं तर चमच्या-चमच्याने पाणी घालता येते, सैल झालेलं मात्र सावरत नाही. वरून कोरडा मैदा घातला तर त्याला आंबायला वेळच मिळत नाही आणि नळी भरीव होते.

दुसरं, "रात्रभर" हे काही माप नाही. आपल्याकडे मे महिन्यात सहा-सात तासांत पीठ उतू जाते, डिसेंबरच्या थंडीत वीस तासही लागतात. घड्याळापेक्षा पीठ पाहा: वर बारीक बुडबुडे, आंबूस वास, आणि पळीतून न तुटता पडणारी धार.

आणि कढई नको. गोल तळामुळे वेढे मधे घसरतात. सपाट तई नाहीतर पसरट पॅन घ्या, तेल इंचभरच. तापमान 160 ते 170 अंश. थर्मामीटर नसेल तर थेंब टाका: तळाशी जाऊन लगेच वर आला पाहिजे. तळाशीच बसला तर तेल गार आहे. लगेच लाल झाला तर जिलेबी वरून रंगेल, आत ओली राहील आणि तीच पुढे मऊ पडते. तेलातले बुडबुडे कमी होईपर्यंत काढू नका.

इतवारी_किराणा: पाकाचंही पाहा. साखर 500 ग्रॅम, पाणी 250 मिली, वरून लिंबाचे चार-पाच थेंब, म्हणजे साखर परत दाणेदार होत नाही. पाक बोटाला सोसेल इतका कोमट, जिलेबी मात्र तेलातून थेट आलेली. अर्धा मिनिट, एकदा उलटवून, मग जाळीवर. झाकण ठेवू नका भाऊ, वाफेनेच अर्धा कुरकुरीतपणा जाते.

महालची_सून: सोडा किंवा इनो घालून झटपट नाही का होत?

झारा_कढई: फुगते, पण आंबटपणा येत नाही, आणि जास्त पडला की नळीला छिद्रं पडून तेल पिते. पाहुणे दारात असतील तरच.

महालची_सून: आणि सॉसच्या बाटलीतून वेढे फार बारीक पडतात.

इतवारी_किराणा: टोक कापून छिद्र 4-5 मिलिमीटर करा. दुधाची जाड पिशवीही चालते, कोपरा आधी कमीच कापा.