मदत हवी आहे: जांभ्यात खोदायला जेसीबीला ब्रेकर (दगड फोडायचा हातोडा) लावावा की छोटा पोकलेन घ्यावा?

नमस्कार मंडळी. आमचं गाव बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, जांबोटी-कणकुंबी पट्ट्यात. घरचा एकच जेसीबी आहे. बाबा मशीन चालवतात, धाकटा भाऊ हाताखाली असतो, हिशेब आणि गिऱ्हाईकांचे फोन माझ्याकडे. घरांचे पाये, शेततळी, काजूच्या बागेकडे जाणारे रस्ते अशी कामं असतात.

अडचण जांभ्याची, म्हणजे आमच्याकडच्या तांबड्या दगडाची आहे. ताजा उघडलेला जांभा बकेट कापते, पण वरचा उन्हावाऱ्याने कडक झालेला थर बकेटचे दात खातो. सांध्यांतले पिन-बुश लवकर ढिले होतात आणि बूम (बकेटचा लांब हात) खडखडायला लागतो. त्यात उतारावर रबरी टायर घसरतात. खालची चिकणमाती भिजलेली असेल तर बाबांना मशीनवर बसलेलं बघून माझा जीव वर-खाली होतो.

बाबा म्हणतात, आहे त्याच मशीनला ब्रेकर लावू. मला वाटतं त्याने बूमवर ताण अजून वाढेल. साखळीवाला छोटा पोकलेन उतारावर बरा पडेल, पण तो हलवायला प्रत्येक वेळी ट्रेलर लागणार, आणि आमचे रस्ते तुम्हाला माहीत आहेत. शिवाय पावसाळ्यात खोदाई जवळजवळ बंद असते, बँकेचा हप्ता मात्र थांबत नाही.

चंदगड, आजरा, सत्तरीकडे कुणी असं काम करत असेल तर कृपया सांगा: ब्रेकर लावल्यावर जुन्या जेसीबीचं काय झालं? आणि कडक दगडाला तासाचा दर वेगळा घेता का? गिऱ्हाईकाला तो आधीच कसा पटवता?