वडिलांची जुनी पिकअप घरी दुरुस्त करावी की मोडीत द्यावी?

गोदाकाठ (गंगाखेड)

वडिलांनी १९९३ साली घेतलेली टाटामोबाइल पिकअप नऊ वर्षांपासून आमच्या शेतातल्या आखाड्यावर लिंबाखाली उभी आहे. मानवतच्या बाजाराला कापूस न्यायचा आणि येताना सरकी-पेंड आणायची, हा तिचा वीस वर्षांचा शिरस्ता होता. मागच्या आठवड्यात भंगारवाला भाव सांगून गेला. तिचे लोखंड जालन्याच्या भट्टीत जाऊन त्याच्या सळया होतील, हे ऐकल्यावर आईने त्याला चहा पाजून परत पाठवले.

माझे मत असे आहे की अशी गाडी मालकाने घरीच, स्वतःच्या हाताने उघडून पुन्हा उभी करावी. टेल्कोने (आताची टाटा मोटर्स) १९८८ साली आणलेल्या या गाडीत संगणक नाही, सेन्सर नाहीत. १,९४८ सीसीचे साधे डिझेल इंजिन आहे आणि तेच पुढे १९९४ च्या सुमोत आल्यामुळे गॅस्केट, रिंगा, बेअरिंग शोधत वणवण करावी लागत नाही. विहिरीवरची मोटार आणि मळणीयंत्र आपण बांधावर बसून खोलतो, मग गाडीलाच का भ्यावे? जी गाडी आपण नटानटाने ओळखतो, तिचा बिघाड रस्त्यात आवाजावरूनच कळतो, आणि ही ओळख गॅरेजचे बिल भरून मिळत नाही.

लेथकामगार (चिकलठाणा)

भावना समजते, पण निष्कर्ष मान्य नाही. मोटार बिघडली तर पाणी थांबते. गाडीचा ब्रेक बिघडला तर समोरून येणारा माणूस मरतो. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते, त्यामुळे नऊ वर्षे उभ्या असलेल्या गाडीत मास्टर सिलिंडर (पॅडल दाबल्यावर तेल ढकलणारा) आणि चाकांतले सिलिंडर आतून गंजलेले असणार, हे धरूनच चालावे. वरून पुसून, नवीन तेल भरून आणि पॅडल घट्ट लागले म्हणून समाधान मानून लोक रस्त्यावर येतात. चॅसीचेही (गाडीच्या खालच्या सांगाड्याचे) तसेच आहे: गंजलेल्या जागेवर पत्र्याचा तुकडा ठेवून वेल्डिंग मारले की वरून ती जागा भक्कम दिसते, पण वेल्डिंगच्या कडेला, तापून कमजोर झालेल्या पट्टीत, भार पडला की तडा जातो. घरी केवळ जॅकवर गाडी उचलून खाली सरपटणाऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको.

रंगाबद्दल एक गोष्ट आवर्जून सांगतो, कारण तिच्याकडे कोणी लक्ष देत नाही. हार्डनर मिसळून मारायच्या रंगात आयसोसायनेट नावाचे रसायन असते आणि त्याच्या फवाऱ्याने कायमचा दमा जडू शकतो. तोंडाला रुमाल बांधून ते अडत नाही. अंगणात, लेकरे खेळतात तिथे, तो रंग मारू नये.

मांजराकाठ (लातूर)

कागदांचे कोणीच बोलले नाही. पिकअप मालवाहू म्हणून नोंदलेली असेल, तर आठ वर्षांनंतर तिचे पासिंग (योग्यता तपासणी) दरवर्षी करावे लागते, आणि योग्यता प्रमाणपत्र नसेल तर कायद्याच्या दृष्टीने तिची नोंदणीच वैध धरली जात नाही. त्यावर विमा आणि पर्यावरण कर आहेच. २०२१ मध्ये आलेले व्हिंटेज नोंदणीचे नियम इथे उपयोगाचे नाहीत. त्यासाठी वाहन ५० वर्षांहून जुने लागते, म्हणजे तुमच्या गाडीला २०४३ पर्यंत थांबावे लागेल, आणि तशी नोंदणी मिळाली तरी त्या गाडीने भाडे मारता येत नाही. अधिकृत केंद्रात मोडीत दिली तर मिळणाऱ्या प्रमाणपत्रावर नव्या वाहनाच्या करात सवलत मिळू शकते. दोन हंगाम सोयाबीनने रडवल्यावर शेतकऱ्याने पैसा कुठे घालावा, याचा विचार आठवणींच्या आधी व्हावा.

उदगीरकर

मी गोदाकाठ यांच्या बाजूचा आहे, कारण मी हे काम केले आहे. गंज कोकणात जितका खातो तितका आपल्याकडे खात नाही. आपला शत्रू काळी माती आहे. मडगार्डच्या आत आणि हौद्याच्या (मागच्या, माल ठेवायच्या भागाच्या) खालच्या कडांना ती चिखल होऊन बसते, उन्हाळ्यात विटेसारखी होते आणि पावसाळाभर ओल धरून पत्रा आतून कुजवते. म्हणून पाना हातात घेण्याआधी आठ दिवस खरडण्याचेच काम करावे. अडकलेले नट रात्रभर डिझेलमध्ये भिजवावेत, खोललेला प्रत्येक भाग जागेवर असतानाच त्याचे छायाचित्र घ्यावे. इंजिनला घाईने सेल्फ मारू नये: हीटर प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे तेल सोडावे, दोन दिवस थांबावे आणि मग पुढच्या पुलीच्या नटाला पाना लावून हाताने फिरवून पाहावे. ते जड, पण अखंड फिरले, त्या संध्याकाळी माझ्या वडिलांनी स्वतःहून पाना मागून घेतला होता. त्याचा हिशेब लातूरकरांच्या वहीत बसणार नाही.

इंजिनला डिझेल पुरवणारा पंप मात्र मी खोलला नाही; तो कॅलिब्रेशनवाल्याकडेच दिला.

लेथकामगार (चिकलठाणा)

पंपाबाबत जो विवेक दाखवलात, तोच ब्रेकबाबत दाखवा, एवढेच माझे म्हणणे आहे. मांजरसुंब्याच्या घाटात माझ्या मामांच्या टेम्पोचे ब्रेकचे पॅडल उतारावर फळीला टेकले होते. चाकांतल्या ब्रेक सिलिंडरचे रबर त्यांनी घरीच बदलले होते. गाडी डोंगराच्या बाजूला घासून थांबली म्हणून ते वाचले.

गोदाकाठ (गंगाखेड)

काल सकाळी ऊन चढण्याआधी गाडी दोन्ही बाजूंनी घोड्यांवर (आधाराच्या स्टँडवर) घेतली आणि पेचकस घेऊन चॅसी टोचत गेलो. पुढून मागेपर्यंत ठणठण आवाज आला; मागच्या डाव्या पाट्याच्या (स्प्रिंगच्या) हँगरजवळ मात्र पेचकस मुठीपर्यंत आत गेला आणि तांबडा भुगा हातावर पडला. बाहेरून तिथे रंगही शाबूत होता. ते काम मी करणार नाही. गाडी टोचन करून परभणीला चॅसीच्या मिस्त्रीकडे नेईन, आणि ब्रेकही तिथेच उघडून घेईन. कागदांसाठी आरटीओत जाऊन थकबाकी विचारतो. त्यांनी सांगितलेला आकडा पेलण्यासारखा नसेल, तर गाडी रस्त्यावर नेणार नाही.

इंजिन आणि हौदा मात्र माझ्याकडेच राहतील. हौद्याच्या मागच्या फाळक्याच्या साखळीला वडिलांनी बांधलेली तार अजून तशीच आहे. ती मी सोडलेली नाही.