मदत हवी आहे : दिवाणी वकिलीतून ट्रेडमार्कच्या कामाकडे वळताना

मी गेली सहा वर्षे नाशिकच्या जिल्हा न्यायालयात दिवाणी वकिली करत असून, बौद्धिक संपदेच्या, विशेषतः ट्रेडमार्कच्या (व्यापारचिन्हांच्या) कामाकडे पूर्णवेळ वळण्याची माझी मनापासून इच्छा आहे. या इच्छेचे मूळ एका मसालेवाल्या अशिलाच्या ट्रेडमार्क नोंदणीच्या अर्जात आहे. १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्याच्या कलम ११ खाली, आधीच्या एका चिन्हाशी साम्य असल्याचा आक्षेप नोंदणी कार्यालयाच्या परीक्षण अहवालात आला, आणि उत्तरासाठी असलेल्या एका महिन्यात चिन्हाचा उच्चार, अक्षरांची ठेवण व पूर्वीच्या वापराची बिले यांचा अभ्यास करताना मला वकिलीचा खरा आनंद मिळाला.

वकिलाला ट्रेडमार्क एजंटची परीक्षा द्यावी लागत नाही, हे मला ठाऊक आहे. पेटंट एजंट होण्यासाठी मात्र विज्ञान किंवा अभियांत्रिकीची पदवी आणि स्वतंत्र परीक्षा आवश्यक असते. मी रसायनशास्त्राचा पदवीधर असल्याने ती वाट मला खुली आहे, पण दोन्हींकडे एकाच वेळी वळणे शहाणपणाचे ठरेल का?

माझी मुख्य अडचण वेगळीच आहे. २०२१ मध्ये बौद्धिक संपदा अपील मंडळ रद्द झाल्यापासून नोंदणी कार्यालयाच्या निर्णयांवरील अपिले उच्च न्यायालयात जातात. त्यामुळे मुंबईत एखाद्या ज्येष्ठ वकिलांकडे पुन्हा कनिष्ठ म्हणून सुरुवात करावी, की नाशिकमध्ये राहूनच नोंदणीचे अर्ज व अशा अर्जांना इतरांनी घेतलेल्या विरोधाची प्रकरणे हाताळावीत? या क्षेत्रात काम केलेल्यांनी कृपया स्वानुभवातून मार्गदर्शन करावे.