वॉलेटच्या गुपिताचे वाटे करून नातेवाईकांत ठेवावे का? मतं सांगा

मनीषनगरकर:
बाबांनी क्रिप्टो वॉलेटचे 24 शब्द (हेच गुपित, ज्याच्या हाती लागले त्याचे पैसे) डायरीत लिहून कपाटात ठेवले. चोरी झाली तर गेले, आग लागली तरी गेले. मी म्हणतो शमीर पद्धतीनं तीन वाटे करायचे, कोणतेही दोन जुळले की गुपित परत मिळते. एक बाबांच्या लॉकरमध्ये, एक पुण्याच्या ताईकडे, एक महाल भागातल्या काकाकडे. क्रिप्टोग्राफर अदी शमीरनं 1979 मध्येच दाखवून ठेवलं हे, त्याच वर्षी ब्लेकलीनं पण स्वतंत्रपणे. मले तर प्रत्येक घरात हेच पाहिजे वाटते.

बर्डीवाला:
ना बाप्पा. काकाचा कागद दहा वर्षांत रद्दीत जाईन. अन करायचंच तर शब्दच कापून दे नं, एकाले पहिले सोळा, दुसऱ्याले शेवटचे सोळा, तिसऱ्याले पहिले आठ अन शेवटचे आठ. कोणतेही दोघं आले की चोवीस पूर्ण, सॉफ्टवेअरची कटकटच नाही.

धरमपेठची गणितवाली:
अहो थांबा, हेच तर नका करू! सोळा शब्द हातात असलेल्याला आठच शोधायचे उरतात, 256 बिटांचं काम 80 वर आलं (एकेक बिट कमी झाला की अंदाज लावायचं काम निम्मं होतं). शमीरमध्ये तसं होत नाही. दोन वाटे लागणार असतील तर एक रँडम सरळ रेषा घ्यायची, ती वाय अक्षाला जिथं छेदते ते गुपित, अन प्रत्येकाला रेषेवरचा एक बिंदू. एका बिंदूतून वाटेल तेवढ्या रेषा जातात, त्यामुळे एकट्याला शून्य माहिती, कॉम्प्युटर कितीही दणकट असू द्या. तीन लागणार असतील तर रेषेऐवजी वर्गबहुपदी, म्हणजे x² वाला वक्र. (हे सगळं मोठ्या अविभाज्य संख्येच्या मॉड्युलोत (तिनं भागून उरणारी बाकीच धरायची) किंवा तशाच मर्यादित क्षेत्रात करतात, साध्या पूर्णांकांत केलं तर माहिती गळते, म्हणून घरी एक्सेलमध्ये करू नका, हात जोडते.)

बर्डीवाला:
80 बिट काय आमचा काका फोडणार आहे का वो ताई 😄 पण ते सोडा. ज्या दिवशी वाटे जोडाल त्या दिवशी गुपित एकाच लॅपटॉपवर अख्खं उघडं पडणार नं, अन त्यात व्हायरस असला तर? त्यापेक्षा मल्टिसिग करा, तिघांच्या चाव्या वेगळ्या, दोघांनी सही केली की व्यवहार, चाव्या कधी एका जागी येतच नाहीत.

धरमपेठची गणितवाली:
हे बरोबर बोललात. पैशापुरतं मल्टिसिगच चांगलं. पण बॅकअपच्या एन्क्रिप्शनची चावी असेल तर सही कशावर करणार? तिथं वाटेच लागतात. इंटरनेटवरच्या नावांचे पत्ते सांगणाऱ्या डीएनएसच्या मूळ (रूट) चावीच्या बॅकअपसाठीसुद्धा सात जण नेमलेत, त्यातले पाच लागतात.

रिटायर्ड बाबूजी:
मला गणित कळत नाही, पण तुमच्या योजनेत ताई आणि काका एक झाले तर बाबांना कोण विचारतो? दोन म्हणजे कोणतेही दोन ना? भाऊबंदकी तुम्ही पाहिली नाही वाटतं अजून.

मनीषनगरकर:
खरंय बाबूजी, हे डोक्यातच नव्हतं आलं. मग पाचपैकी तीन? दोन वाटे बाबांकडे, एक ताई, एक काका, एक वकील. ताई-काका मिळूनही दोनच होतात. बाबांच्या मागे तिघं बसून काढतील.

धरमपेठची गणितवाली:
चालेल. फक्त साध्या शमीरमध्ये कोणी चुकीचा वाटा दिला तर तक्रार न करता चुकीचंच उत्तर येतं. स्लिप-39 मध्ये (शमीरवरच बेतलेलं वॉलेटसाठीचं मानक) चूक पकडणारा चेकसम असतो, ते घ्या. पण जुन्या 24 शब्दांचे त्यात थेट वाटे होत नाहीत, नवीन वॉलेट काढून पैसे हलवायचे, त्याआधी रिकव्हरी एकदा करून बघायची. 256 बिटांचं असेल तर प्रत्येक वाटा 33 शब्दांचा.

बर्डीवाला:
म्हणजे 165 शब्द हातानं लिहायचे, तेही इंग्रजीत, एक स्पेलिंग न चुकता. बसा राजेहो लिहत.